‘तुमच्यात हे कसं असतं?’ : आमच्या शनिवारच्या बैठकीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेची. एकतीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाले. गेली काही वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या गच्चीवर काही माणसं जमतात आणि आपापल्या श्रद्धेबद्दल किंवा अश्रद्धेबद्दल बोलतात. नवीन येणारा प्रत्येकजण जिन्यातच तेच तेच विचारतो. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

ही बैठक म्हणजे नेमकं काय?

आठ-दहा माणसं, दोन सतरंज्या, एक मोठा थर्मास. दर वेळी एकजण आपण काय मानतो, काय पाळतो किंवा काहीच का मानत नाही, ते पंधरा-वीस मिनिटं सांगतो. बाकीच्यांनी ऐकायचं, मग विचारायचं. खोडून काढायचं नाही आणि पटवूनही द्यायचं नाही. संस्था नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. चहा माझा, कारण गच्ची माझी.

हे सुचलं कुठून?

एका तुळशीच्या माळेवरून.

ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटच्या अंगावरचं सगळं काढून घेणं हे नर्सचं काम. अंगठी, मंगळसूत्र, ताईत, करदोटा, गळ्यातला क्रूस. एका सकाळी हर्नियाचे एक आजोबा माळ काढायला तयार होईनात. ज्युनिअर डॉक्टर पोरगा हुशार होता, पण घाईत होता. त्याने त्यांना निर्जंतुकीकरण समजावलं, मग चिडून म्हणाला, “आजोबा, देव काय माळेत असतो का?” आजोबा म्हणाले, “नसतो.” डॉक्टर म्हणाला, “मग काढा की!” आजोबांनी मान हलवली. वादात डॉक्टर जिंकला होता आणि माळ होती तिथेच होती.

मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, “काढली तर काय होतं आजोबा?” त्यांनी सांगितलं ते असं : थोरला मुलगा गेला त्या वर्षी त्यांनी दारू सोडली. पंढरपुरात माळ घातली. तेव्हापासून पिण्याची आठवण झाली की हात आपोआप गळ्याकडे जातो. “माळ नसली तर हात कुठं जाईल, सिस्टर?”

मग सोपं झालं. माळ गळ्यातून काढून त्यांच्याच मनगटाला गुंडाळली, वर गॉज, वर चिकटपट्टी. त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाले, “चला.” भूलतज्ज्ञ मॅडमनी भुवया उंचावल्या, पण चालवून घेतलं.

देव माळेत असतो की नाही याच्याशी त्या सकाळी कुणालाच काही देणंघेणं नव्हतं. प्रश्न हाताचा होता. तो मला कळला, कारण मी विचारलं. एरवी मीही विचारणाऱ्यांतली नव्हते. पुढे मात्र सवय लागली, आणि निवृत्तीनंतर वॉर्ड सुटला तरी सवय सुटेना.

पण वादातूनच तर खरं काय ते कळतं ना?

हा प्रश्न बहुतेक वेळा कॉलेजातली मुलं विचारतात आणि तो चांगला आहे.

आपल्याकडे वाद या शब्दाची पत पूर्वी आजच्यापेक्षा बरी होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधण्यासाठी केलेला तो वाद. काहीही करून जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. स्वतःची बाजूच मांडायची नाही, नुसती दुसऱ्याची फाडायची, ती वितंडा. त्यातला ‘वितंडवाद’ तेवढा आपल्या रोजच्या बोलण्यात टिकला. यातच काय ते समजा. टीव्हीवर रात्री नऊला चालतो त्याला गौतमाच्या हिशेबाने वाद म्हणताच येणार नाही.

याच परंपरेत पूर्वपक्ष नावाची शिस्त आहे. स्वतःचं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, तेही त्याला मान्य होईल असं. आम्ही एवढाच तुकडा उचललाय. उत्तरपक्ष, म्हणजे त्यावरचं आपलं उत्तर, ज्याने त्याने घरी जाऊन करावा.

आणि वादच ऐकायचा असेल तर एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद काढून वाचा. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेला. दोघं एकमेकांच्या देवाधर्माची अशी काही उणीदुणी काढतात की आज छापायला प्रकाशक दहादा विचार करेल. शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. व्याख्यानांत त्या मिठीचं फार कौतुक होतं. मला आधीच्या शिव्या महत्त्वाच्या वाटतात. दोन्हीकडचे टोमणे इतके नेमके आहेत की नाथांनी दोन्हीकडचं बसून ऐकलं असणार.

‘हो, हेच’ हा काय नियम आहे?

एकजण बोलून झाला की दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. बोलणारा “हो, हेच” म्हणेपर्यंत पुढचा प्रश्न नाही. ऐकायला बालवाडी वाटते. करून बघा.

आमच्यात एक माळकरी काका आहेत, शेतकरी, आळंदीहून पायी वारी करणारे. ते म्हणाले, “पांडुरंग मला काही देत नाही. मी मागतही नाही. आषाढीला भेटायला जातो, एवढंच.” परत सांगायची पाळी एका तरुण इंजिनिअरची होती.

“म्हणजे वारीतून तुम्हाला मानसिक शांती मिळते.”

“न्हाई.”

“म्हणजे लोकांची सोबत, चालण्याचा व्यायाम...”

“व्यायाम? पोरा, मी वर्षभर ऊस तोडतो.”

“मग... तुमची परंपरा आहे म्हणून.”

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुझी आई गावाला असते ना? दिवाळीला भेटायला जातोस. ते मानसिक शांतीसाठी जातोस का?”

इंजिनिअर बराच वेळ थर्मासकडे बघत होता. “म्हणजे,” तो म्हणाला, “न जाणं जमत नाही.”

“हां. हेच.”

पुढच्या महिन्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बोलले. पक्के नास्तिक. परत सांगायची पाळी काकांवर आली आणि काकांनीही पहिल्याच चेंडूवर विकेट टाकली : “म्हणजे तुमचा देवावर राग आहे.” साहेब म्हणाले, “राग यायला तो असावा लागतो.” काकांनी डोकं खाजवलं. “म्हणजे घरात काही वाईट घडलं असंल.” “काही नाही. वाचत गेलो, विचार करत गेलो. मेल्यावर पुढे काही नाही, म्हणून जे नीट करायचं ते इथेच.” काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे उधारी न्हाई. पुढच्या जन्मावर ढकलायचं न्हाई, सगळं रोखीत.” इतकं अचूक साहेबांना स्वतःलाही कधी सांगता आलं नव्हतं. ते “हो, हेच” म्हणाले आणि मग स्वतःच काकांच्या कपात चहा ओतला.

काकांचा साहेबांशी एकही मुद्दा जुळलेला नाही. अजूनही जुळत नाही.

‘तुमच्यात’ या शब्दाला बंदी का?

बंदी नाही, पण बोलून गेलं की जीभ चावायची. “तुमच्यात लग्न कसं असतं?”, “तुमच्यात हे चालतं का?” आपण मराठी माणसं हे सहज बोलतो, प्रेमानेही बोलतो. पण तो एक शब्द समोरच्या बाईला उचलून तिच्या जातीच्या, धर्माच्या गठ्ठ्यात ठेवतो आणि मग तिने गठ्ठ्याच्या वतीने उत्तर द्यायचं असतं.

मी हे नुसतं तात्त्विक सांगत नाही. नोकरीत असताना एकदा कुठल्याशा स्फोटाची बातमी वॉर्डातल्या टीव्हीवर चालू होती. मी माझ्या मुस्लिम सहकारी सिस्टरला विचारलं, “तुमच्यात याबद्दल काय म्हणतात गं?” तिने इंजेक्शन भरता भरता माझ्याकडे बघितलंही नाही. “माझ्यात? माझ्यात बीपी वाढतं.” दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बरोबरच होतं तिचं. बारा वर्षं एका ताटात जेवलो होतो आणि मी तिला एका बातमीसरशी प्रवक्ती करून टाकलं.

त्यापेक्षा “तुमच्या घरी”, “तुम्ही स्वतः”, “तुमची आई कसं करायची” हे बरं. घर म्हटलं की माणूस खरं सांगतो. समाज म्हटलं की पाठ केलेलं सांगतो. (शीर्षकात मी तोच शब्द घातलाय, कारण येणारा प्रत्येकजण पहिला प्रश्न तसाच विचारतो.)

मग विचारायचं तरी काय?

“देव आहे का?” हा शेवटचा प्रश्न आहे. लोक त्यानेच सुरुवात करतात.

मराठीत तीन वेगळी क्रियापदं आहेत : करणं, पाळणं आणि मानणं. “आम्ही मानत नाही, पण पाळतो,” असं निम्मा महाराष्ट्र म्हणतो आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. करण्यापासून सुरुवात करा. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करता? काय केलं नाही तर दिवसभर चुकल्यासारखं वाटतं? हे कुणी शिकवलं? मध्ये कधी सोडलं होतं का, आणि परत का धरलं? मानण्याचा विषय आपोआप येतो, आला नाही तर ओढून आणू नका.

नुसत्या करण्यावर थांबलं तर मात्र काय होतं ते कोकणात बघा. अलिबागच्या आसपासचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, घाणा बंद ठेवायचे. गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. पिढ्यान् पिढ्या सगळ्या गावाला माहीत, की हे शनिवारी घाणा जुंपत नाहीत. का जुंपत नाहीत, ते विचारायला फारसं कुणी गेलं नाही. नावात वार आला, शब्बाथ आला नाही.

शब्दांचंही जपा. ‘श्रद्धा’ हा शब्द आपण सगळ्यांना सरसकट लावतो. आमच्याकडे येणाऱ्या शिक्षिका बाई म्हणतात, “ईमान म्हणजे श्रद्धा असं नका लिहू. ईमानात मी दिलेला शब्द आहे.” कृष्णाकाठचे आमचे एक जैन शेतकरी रोज सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जातात, अभिषेक करतात आणि शांतपणे सांगतात, की जग कुणी निर्माण केलेलं नाही आणि मूर्तीपुढे मागून काही मिळत नसतं. आता त्यांना आस्तिक म्हणा की नास्तिक, तुमचं तुम्ही बघा. जुन्या हिशेबाने तर वेद प्रमाण न मानणारा तो नास्तिक. त्यात जैन बसतात, बौद्ध बसतात आणि जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे पण वेद मानणारे मीमांसक मात्र आस्तिकांच्या पंगतीला.

मी नास्तिक आहे. मला तिथे शोभेला बसवणार का?

नाही. पण तुम्हाला काही प्रश्न हमखास येतील, त्यांची आम्ही आधीच यादी करून दाराला लावलीय, म्हणजे लोक ते विचारत नाहीत : “अडचणीत देव आठवतोच ना?” “मग तुम्ही वाईट का वागत नाही?” “बायको पूजा करते तेव्हा तुम्ही काय करता?” (शेवटच्याचं उत्तर साहेबांनी एकदा देऊन टाकलं : “फुलं आणून देतो. तिला गुडघ्यामुळे जिना चढवत नाही.”)

श्रद्धावान आणि निरीश्वरवादी माणसाने एकमेकांशी कसं बोलावं याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच घडलंय, सेवाग्रामला. आंध्रमधले कडवे निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, १९४४ मध्ये गांधीजींना भेटायला आले. गांधीजी दिवसातून दोनदा प्रार्थना करणारे, गोरा देव नाकारणारे. गांधीजींनी त्यांना आधी काम विचारलं : खेड्यात काय करता, अस्पृश्यतेचं काय करता. बोलणं पुढे काही वर्षं चाललं. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी सेवाग्राममध्ये व्हायचं ठरलं, तेव्हा विधीत ‘ईश्वर’ या शब्दाच्या जागी ‘सत्य’ म्हणायला गांधीजी तयार झाले. १९४८ च्या मार्चमध्ये ते लग्न आश्रमात लागलं. गांधीजी तेव्हा नव्हते. जानेवारीतच त्यांचा खून झाला होता. लग्न ठरल्याप्रमाणेच लागलं.

मला यात शब्द बदलण्यापेक्षा आधीचा प्रश्न आवडतो, काम काय करता हा. नर्स आहे ना मी.

हा धर्मांतराचा प्रकार तर नाही?

नाही. असं विचारणं साहजिक आहे, कारण दुसऱ्याची भाषा, त्याच्या कवितेचे छंद शिकून घेऊन आपलं सांगण्याची रीत जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध मराठीत लिहिली. ती १६१६ ला छापली गेली. त्याच्या मराठीला तोड नाही आणि त्याचा हेतूही लपलेला नाही. आमच्याकडे कुणी काही वाटायला आलं, पुस्तिका म्हणा, अंगारा म्हणा, की चहा पाजून जिन्यापर्यंत सोडून येते.

आणि माझी श्रद्धाच डळमळली तर?

डळमळू शकते. घट्टही होऊ शकते. मी हमी देत नाही.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या नवऱ्याकडे राहायला आल्या त्या आपलं सोवळंओवळं घेऊन. मग त्यांच्या स्वतःच्या डोक्यात जातीबद्दलचे प्रश्न फिरायला लागले आणि शेवटी त्याही ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचलेल्यांना ठाऊक आहे, की टिळकांच्या वाद घालण्याने त्या हलल्या असं कुठे वाटत नाही. बाई आपल्या वेगाने चालत गेल्या. आणि टिळकही ख्रिस्तापर्यंत पोचले तरी तुकोबांचं ऋण सांगतच राहिले.

मिरजेत सगळे गुण्यागोविंदाने राहतातच की. बैठकीची गरज काय?

हे आमच्या गावाचं आवडतं वाक्य. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्रभर चालणारं गाणं. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेत येतात, इथल्या मुस्लिम कारागिरांच्या हातून त्यांचे तंबोरे होतात आणि ते तंबोरे परत देवळातल्या भजनाला लागतात. पाहुण्यांना हे सगळं मीही अभिमानाने दाखवते.

पण एकदा एका तंबोरा करणाऱ्या चाचांच्या दुकानात बसले होते. भोपळ्याच्या आत हात घालून ते बिया खरवडत होते. मी भाषणातलं ते वाक्य टाकलं, पंढरीचा भोपळा वगैरे. ते हसले. “ताई, भोपळ्याबद्दल सगळे विचारतात. तीस वर्षांत गिऱ्हाइकानं मी नमाजला जातो का, काय म्हणतो, कधी विचारलं नाही. शुक्रवारी दुकान बंद दिसलं की तेवढे ओरडतात.” शेजारी राहणं आणि शेजाऱ्याला ओळखणं यात केवढं अंतर असतं ते मला त्या दुकानात कळलं. २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत दंगल झाली तेव्हा भोपळे, गलेफ, गाणं सगळं होतंच की.

बौद्ध सहकाऱ्याने गणपतीचा प्रसाद घेतला नाही. मला अपमान वाटला.

आधी हे वाचा, मग ठरवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीचं नाव घेऊन म्हटलंय, की यांना देव मानणार नाही, उपासना करणार नाही. त्यांनी तुमचा मोदक नाकारला नाही, त्यांच्या आजोबांनी दिलेला शब्द पाळला. २०११ च्या जनगणनेत देशात साधारण ८४ लाख बौद्ध होते, त्यातले ६५ लाख महाराष्ट्रात. म्हणजे हा प्रसंग आपल्या ऑफिसांत दर भाद्रपदात येणारच.

सगळे तसं करत नाहीत, हेही खरं. आमच्याकडे येणारा लॅब टेक्निशियन म्हणतो, “मी घेतो, खातो, प्रसाद म्हणून नाही तर मोदक म्हणून. माझी बहीण घेत नाही. आम्हा दोघांचं यावर घरात वाजतं.” त्याला विचारलं म्हणून कळलं. तुम्हीही विचारा, पण चारचौघांत नको, डबा खाताना.

हे सगळं म्हणजे अंधश्रद्धेला पाठीशी घालणं नाही का?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

पावसाळ्यात पेरणीच्या दिवसांत साप चावलेले पेशंट यायचे. एका रात्री एक आई मुलाला घेऊन आली, पण तिचं लक्ष दाराकडे. गावातल्या मारुतीच्या देवळात आधी न्यायला हवं होतं, सासऱ्यांचं ऐकायला हवं होतं, असं तिचं चाललेलं. समजून घेण्याचा अर्थ तिला देवळात जाऊ देणं असा होत नाही. सुई लावली, सापाच्या विषावरचं औषध चालू केलं, आणि मग तिला विचारलं, देवळात काय करतात? ती म्हणाली, अंगारा लावतात आणि रात्रभर झोपू देत नाहीत. मी म्हटलं, अंगारा आहे का जवळ? पदराच्या गाठीत होता. लाव म्हटलं. आणि जागं ठेवायचं काम तुझं, त्याच्याशी बोलत राहा, पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं की मला हाक मार. नाग-मण्यारीच्या विषात हेच तर बघायचं असतं. पहाटेपर्यंत तिने तीनदा हाक मारली.

तिच्याऐवजी तिथे मांत्रिक असता आणि मुलाला उपचारापासून अडवत असता, तर मी पोलिसांना फोन केला असता. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना हात लावलेला नाही. त्यासाठी वर्षानुवर्षं धडपडलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात गोळ्या घालून खून झाला. कायदा त्यानंतर झाला. त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समितीही देव मानू नका असं सांगत फिरत नव्हती. फसवणूक आणि शोषण हा त्यांचा विषय होता.

म्हणून आमच्या गच्चीवर एक रेघ आहे. कुणाच्या जिवाला, शरीराला, लेकराला, पैशाला धोका असेल तर “हो, हेच” चा खेळ बंद. एका बैठकीत एकाने सांगितलं, की बहिणीला फिट येते आणि घरचे तिला एका बुवाकडे नेऊन बसवतात. त्या दिवशी चर्चा झालीच नाही. त्याच्याबरोबर दोघं खाली उतरले आणि तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायचं बघायला लागले.

खाण्यापिण्याचं काय?

चहा, आणि केळी. केळी सगळ्यांना चालतात. चातुर्मासात जैन काका सूर्यास्तानंतर पाणीच घेतात म्हणून बैठक साडेचारला. रमजानमध्ये शिक्षिका बाई रोजा सोडायला आपल्या घरी जातात, तेव्हा आम्ही सहाच्या आत उठतो. काकांची एकादशी आली तर शेंगदाणे. साहेबांना मधुमेह, त्यांचा चहा बिनसाखरेचा. श्रद्धेपेक्षा तेच जास्त विसरलं जातं.

मुलांना आणू का?

आणा. ती “मेल्यावर नक्की कुठे जातात?” असं थेट विचारतात आणि मोठ्यांची पंचाईत होते. चांगलं असतं ते.

बाहेरच्यांशी जमतं, घरातल्यांशीच जमत नाही. काय करावं?

मलाही जमत नाही. भावाशी देवाधर्मावर मी पाच मिनिटांच्या वर बोलू शकत नाही. पंचेचाळीस वर्षांचा हिशेब मध्ये येतो.

एवढंच सांगते. एक मास्तर वॉर्डात शेवटच्या दिवसांत होते. आयुष्यभर देव न मानलेले, देहदानाचा अर्ज भरलेला. मुलगी गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊन उभी, मुलगा म्हणतोय बाबांना हे चालणार नाही. दोघंही बापासाठीच भांडत होते. मास्तर शुद्धीवर होते, पण कुणी त्यांना विचारत नव्हतं. मी विचारलं, “मास्तर, मुलीला पान ठेवायचंय. काय करू?” त्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, “मी असेपर्यंत नको. नंतर ती ठेवू दे. तेव्हा मी नसेन.” तसंच झालं. पान ठेवलं आणि मग मेडिकल कॉलेजची गाडी आली.

सिस्टर, तुम्ही स्वतः काय मानता?

सासूबाईंचा देवघराचा कोनाडा आहे. रोज संध्याकाळी दिवा लावते. मानता का म्हणून विचारलंत तर मी सांगेन, दिवा लावते. यावर काका आणि साहेब दोघांनीही मला परत सांगायचा प्रयत्न केलाय. अजून एकालाही “हो, हेच” मिळालेलं नाही.

किती वाजता यायचं?

साडेचारला. चपला जिन्याखालच्या कपाटात ठेवा, बाहेर नको. वरच्या मजल्यावरचं कुत्रं चावत नाही, पण डाव्या पायातली नेतं.